नागाच्या दारी आलेले मूल

भागवताच्या दशमस्कंधात अघासुराची कथा आहे. गवळ्यांची पोरे शिदोऱ्या बांधून सकाळीच वासरांमागे रानात निघाली आहेत आणि वाटेत एक अवाढव्य अजगर जबडा पसरून पडला आहे. पोरांना ती वृंदावनातलीच एखादी शोभेची जागा वाटते. पण पोरेच ती, बघता बघता खेळ सुरू होतो: हे अजगराच्या तोंडासारखे दिसते की नाही? वरचा ओठ म्हणजे उन्हाने तांबडा झालेला ढग, खालचा ओठ म्हणजे त्याच ढगाची जमिनीवर पडलेली लाली, दाढा म्हणजे डोंगराची शिखरे, जीभ म्हणजे रुंद वाट, आणि आतून येणारा गरम वारा म्हणजे वणव्यात होरपळलेल्या जनावरांचा वास. मग कुणी विचारतो, आत गेलो तर हा आपल्याला गिळेल का? गिळले तर बकासुराचे झाले तेच याचे होईल, असे म्हणून कान्ह्याकडे एकवार बघत, हसत, टाळ्या वाजवत सगळी आत शिरतात. खेळात दिलेली उपमा खरी निघते. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पण भागवतकाराने शेवटी टाकलेला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. मेलेल्या अजगराचे कातडे वाळले आणि व्रजातल्या मुलांना ती पुढे कितीतरी दिवस खेळायची गुहा झाली. भयाच्या पोटात शिरलेल्या मुलांना ते भय शेवटी खेळायला मिळाले, असे लिहिणाऱ्याला मुले नीट कळली होती.

या पुस्तकातल्या सगळ्या गोष्टी अशाच एका प्रसंगाभोवती फिरतात. लहान मूल आणि महासर्प यांची अवचित गाठ पडते, आणि त्या घटकेला काय घडते यावर सगळी कथा तोललेली असते. कालिया, आस्तीक, प्रमद्वरा आणि रुरू, नागपंचमीच्या दोन कहाण्या, प्रल्हाद. यांतली एकही गोष्ट नवी नाही. तरीही त्या एकाशेजारी एक ठेवून वाचल्या तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते, आणि ती सांगण्यासाठीच ही प्रस्तावना आहे. आपल्या कथांत महासर्पाला मारायला निघतात ती बहुधा मोठी माणसे असतात. मूल त्याच्यासमोर उभे राहिले की कथा वधापाशी थांबत नाही. ती हद्द ठरण्यापाशी येते: तू तिथे राहा, मी इथे राहीन, आणि आपल्यामध्ये एवढे नाते असू दे. हे मला आपल्या कथापरंपरेतले फार मोलाचे शहाणपण वाटते. ते मुलांपर्यंत पोचवताना आपण अलीकडे हलगर्जी करू लागलो आहोत, याची काळजीही वाटते.

ही मांडणी हिंगोली जिल्ह्याला धरून करण्यामागे कारण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा, आणि त्यातल्या एका तालुक्याचे नावच औंढा नागनाथ. शिवपुराणात दारुकावनातल्या ज्या नागेश ज्योतिर्लिंगाची कथा येते, ते स्थान हेच अशी मराठी मुलखाची श्रद्धा आहे. द्वारकेजवळचे नागेश्वर आणि अल्मोड्याकडचे जागेश्वर यांचाही तसाच दावा आहे, पण तो वाद इथे सोडवायचा नाही. औंढ्याचे मंदिर यादवकाळातले, हेमाडपंती बांधणीचे. खालच्या भागातल्या काळ्या दगडावर मूर्तींची दाटी आहे, वरचा भाग पुढे पुन्हा बांधलेला असल्याने वेगळा दिसतो. गाभारा जमिनीखाली आहे. सभामंडपाच्या उजेडातून आत आले की अरुंद वाटेने अंग चोरून, वाकून खाली उतरावे लागते. मोठ्या माणसाचे डोके दगडाला लागते, लहान मूल मात्र सहज उतरते. नागनाथ नावाच्या देवाकडे जायची वाट अशी बिळासारखी असणे, हा अनुभव इथल्या मुलाला गोष्ट ऐकण्याआधीच मिळालेला असतो. इथेच नामदेवांना विसोबा खेचर भेटले असे परंपरा सांगते. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सीही याच जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी. कयाधू हे प्रल्हादाच्या आईचेही नाव. छळ सोसूनही मनात सूड न धरणाऱ्या मुलाच्या आईचे नाव ज्या नदीला आहे तिच्या काठी ही गोष्ट सांगायला मिळते, ही मला मोठी जमेची बाजू वाटते.

शिवाय हिंगोलीच्या मुलाला नाग हा केवळ पुराणातला नाही. श्रावणात सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलेले असते, वसमतकडे हळदीची पाने दाट होऊ लागतात, धुऱ्यावर गवत माजते. शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्या घरात मुले जमिनीवर झोपतात. रब्बीत वीज रात्रीची असली की बाप पाणी द्यायला बॅटरी घेऊन अंधारात निघतो. ‘जनावर’ निघाले अशी हाक कानावर पडली नाही असा पावसाळा या भागात जात नाही. ज्या मुलाला हे रोजचे आहे त्याला महासर्पाची गोष्ट सांगणे ही जोखमीची कामगिरी आहे. म्हणूनच ती कशी सांगायची याचा विचार करायला हवा.

आधी कालियाची कथा. यमुनेच्या डोहात त्याने ठाण मांडले आहे, पाणी विषारी झाले आहे, ते प्यालेली गुरे आणि पोरे काठावर मरून पडली आहेत. कृष्ण त्यांना उठवतो आणि कदंबावर चढून डोहात उडी घेतो. मराठी घरात ही गोष्ट चेंडूशिवाय कुणी सांगत नाही: खेळता खेळता चेंडू पाण्यात गेला आणि तो आणायला कान्हा गेला. मूळ भागवतात हा चेंडू नाही, पण लोकांनी तो घातला ते योग्यच केले. देवाचा अवतार दुष्टाचे पारिपत्य करायला निघाला असे न म्हणता, एक मूल आपली हरवलेली वस्तू शोधायला गेले आणि समोर फणा उभा राहिला, असे त्यांनी म्हटले. त्यामुळे ऐकणारे मूलही त्या डोहात उतरते. फणांवर नाच होतो, कालिया रक्त ओकतो, नागपत्नी पुढे येऊन हात जोडतात. मग कालिया स्वतः जे बोलतो ते विचार करण्यासारखे आहे. आम्ही जन्माने असे, विष आणि राग हा आमचा स्वभाव. तो ज्याने दिला त्यानेच आता ठरवावे, अशा अर्थाचे त्याचे बोलणे आहे. कृष्ण ते खोडून काढत नाही. तू समुद्राकडे जा, हे पाणी गुरांचे आणि माणसांचे आहे, आणि ज्या गरुडाला भिऊन तू इथे आलास तो माझ्या पावलांची खूण पाहून तुला धक्का लावणार नाही, असे सांगून तो त्याला बायकापोरांसह जाऊ देतो. डोह निर्मळ होतो आणि नागही जगतो. यात शिक्षा आहे, हद्दपारी आहे आणि अभयही आहे. नागाला त्याचा स्वभाव बदलायला मात्र कुणी लावलेले नाही.

आता हाच कृष्ण मोठा झाल्यावर काय करतो ते महाभारताच्या आदिपर्वात पाहा. अर्जुनाला बरोबर घेऊन तो खांडववन अग्नीच्या स्वाधीन करतो. दोघे दोन बाजूंनी उभे राहून बाहेर पडणारा जीव परत आगीत ढकलतात. तिथे राहणारा नागराज तक्षक त्या वेळी वनात नव्हता. त्याची बायको आपल्या पोराला, अश्वसेनाला, वाचवताना अर्जुनाच्या बाणाने मरते. नागाच्या आईला मारणाऱ्या अर्जुनाला साथ देणारे हे हात, आणि नागपत्नींचे ऐकणारी ती पावले, एकाच देवाची. या दोन प्रसंगांत काय बदलले असे विचारले तर भाविक उत्तर लीलेचे देईल. कथेचा अभ्यासक म्हणून मला एवढे दिसते की मधल्या काळात कृष्णाचे बाळपण संपले आहे.

महाभारताची सर्पकथा तर या एकाच सूत्रावर उभी आहे. तिची सुरुवात होते ती एका मेलेल्या सापापासून. शिकारीत दमलेला राजा परीक्षित मौनात बसलेल्या शमीक ऋषींना निसटलेल्या हरणाबद्दल विचारतो, उत्तर मिळत नाही, आणि तो धनुष्याच्या टोकाने पडलेला मेलेला साप उचलून त्यांच्या गळ्यात टाकतो. मोठ्या माणसाने रागाच्या भरात केलेली ही थट्टा. त्यातून शाप, शापातून तक्षकाचा दंश, दंशातून जनमेजयाचे सर्पसत्र. एकाच्या अपराधासाठी सबंध जात आगीत घालण्याचा तो यज्ञ. मंत्रांच्या ओढीने हजारो साप येऊन कुंडात पडत असताना मांडवात एक पोर येते. त्याची आई वासुकीची बहीण, बाप ऋषी. त्याच्या अंगात दोन्हीकडचे रक्त आहे. आस्तीक यज्ञाची स्तुती करतो, आणि ती ऐकून जनमेजय म्हणतो की हे मूल असून म्हाताऱ्यासारखे बोलते आहे. वर माग म्हटल्यावर आस्तीक सोने मागत नाही, गाई मागत नाही. यज्ञ थांबवा, एवढेच. तक्षक अधांतरी लटकलेला असतो. यज्ञ थांबतो. व्यासांनी हे काम एखाद्या तपस्व्याला किंवा देवाला दिले असते तरी कथा पुढे सरकली असती. त्यांनी ते पोराकडे दिले.

त्याच पर्वात आणखी एक छोटी कथा आहे, आणि मुलांच्या पुस्तकांत ती जवळजवळ कधीच येत नाही. प्रमद्वरा सख्यांबरोबर खेळत असते. खेळण्याच्या नादात झोपलेल्या सापावर पाय पडतो आणि तो डसतो. कुणाचाही अपराध नाही, दोघेही बेसावध. कुठल्याही धुऱ्यावर घडते तेच. तिचा वाग्दत्त वर रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन तिला उठवतो. गोष्ट इथेच संपली असती तर गोड झाली असती. पण रुरूच्या मनात डूख राहतो, तो दांडका घेऊन दिसेल तो साप ठेचत सुटतो. एकदा एक म्हातारा डुंडुभ त्याच्या दांडक्याखाली येतो. डुंडुभ म्हणजे बिनविषारी जात. तो म्हणतो, मी तुझे काय वाकडे केले? आमचे नुसते दिसणे त्यांच्यासारखे आहे. मग कळते की हा मूळचा ऋषी. लहानपणी खेळताना गवताचा खोटा साप करून याने मित्राला भेवडावले, मित्र भ्याला आणि त्याने शाप दिला. म्हणजे या एका कथेत बेसावध पाय आहे, नंतरचा आंधळा सूड आहे, विषारी-बिनविषारी असा भेद करायची गरज आहे, आणि दुसऱ्याच्या भीतीशी खेळू नये ही समजही आहे. आज धामण आणि दिवड दिसल्याबरोबर काठीने ठेचली जाते. धामण शेतातले उंदीर खाते आणि कुणाचा जीव घेत नाही. हे शाळेच्या फळ्यावर लिहून जेवढे मनात उतरते त्यापेक्षा डुंडुभाच्या तोंडून अधिक उतरेल.

पण माझ्या म्हणण्याचा खरा आधार संस्कृत ग्रंथांत नाही. तो श्रावणात बायकांनी बायकांना आणि लेकरांना सांगितलेल्या कहाणीत आहे. नागपंचमी आली, थोरल्या सुना कुणी माहेरी, कुणी आजोळी गेल्या. धाकटीला माहेरी कुणीच नव्हते. ती मनात म्हणाली, नागोबाच माझे माहेरचे, तोच मला न्यायला येईल. आणि शेष ब्राह्मणाच्या वेषात दारात उभा राहिला. सासऱ्याला कोडे पडले, हा मामा आला कुठून? पोरीने मात्र हाच माझा मामा म्हणून सांगितले. वारुळाशी आल्यावर त्याने खरे रूप दाखवले, तिला फणीवर बसवले आणि आत नेले. घरच्या सगळ्यांना ताकीद दिली: हिला कुणी डसायचे नाही. पुढे नागीण बाळंत होत असताना धाकटीच्या हातात दिवा दिला होता. पिल्ले वळवळू लागली तशी ती भ्याली, दिवा हातातून निसटला, पिल्लांच्या शेपट्या भाजल्या. नागाने तिला सासरी आणून पोचवले. पिल्ले मोठी झाली, आपल्या तुटक्या शेपट्यांचे कारण त्यांना कळले, आणि सूड घ्यायला ती तिच्या घरी आली. त्या दिवशी नेमकी नागपंचमी. ती पाटावर नाग काढून, दूध-लाह्या ठेवून, आपल्या लांडोबा-पुंडोबा भावांचे कुशल मागत होती. ते ऐकून त्यांचा राग उतरला. रात्रभर राहून, पहाटे नवरत्नांचा हार ठेवून ते निघून गेले.

ही धाकटी सून आपण चित्रांत नऊवारीतली तरुणी म्हणून काढतो, तिथेच चुकतो. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ करणारा कायदा १९२९ साली झाला, आणि पुढेही कितीतरी वर्षे तो कागदावरच राहिला. ही कहाणी ज्या घरांत घडली आणि सांगितली गेली तिथली सर्वांत धाकटी सून म्हणजे आठ-दहा वर्षांचे पोर. तसे धरून कहाणी पुन्हा वाचा. अनोळखी घरात एकटे पडलेले मूल स्वतःसाठी एक मामा कल्पून घेते. वळवळणारी पिल्ले बघून हातातला दिवा टाकते. सराईत बाईच्या हातून तो पडला नसता. भावांचे कुशल मागते तेही कुणाला दाखवायला नव्हे, आपल्या हातून त्यांचे काय झाले ही चुटपूट मनात आहे म्हणून. महासर्पाच्या घरात गेलेल्या मुलाची इतकी बारीक, इतकी खरी कथा मला दुसरीकडे भेटलेली नाही. भय शेवटपर्यंत आहे. पिल्ले खरोखर डसायलाच आली होती, आणि कहाणी सांगणारीने हे झाकलेले नाही.

दुसरी कहाणी नांगराची. शेतकऱ्याच्या औताखाली नागिणीची पिल्ले मरतात, नागीण त्याचे घर संपवते आणि उरलेल्या लेकीकडे, तिच्या सासरी जाते. लेक पाटावर नाग काढून पूजा करत असते. नागीण शांत होते, अमृत देते, घर उठते. इथे अपराध जमीन कसणाऱ्या मोठ्या माणसाचा, आणि तडजोड करणारी लेक. त्यातून निघालेले नेमही हद्दीचेच आहेत: त्या दिवशी औत धरायचे नाही, जमीन खणायची नाही, चिरायचे नाही, तवा चढवायचा नाही. वर्षातला एक दिवस जमिनीखालच्यांचा.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की अघासुराचा वध बालकृष्णानेच केला. मग मूल वध करत नाही हे कसे? मला यात उत्तर आहे असे वाटते. अघ हा नाग नाही, सर्पाचे सोंग घेतलेला, कंसाने मुद्दाम धाडलेला असुर आहे. त्याला आपले बीळ नाही, बायकापोरे नाहीत, त्याच्याशी हद्द ठरवायला जागाच नाही. तरीही त्याच्या देहातून निघालेले तेज कृष्णातच मिळाले असे भागवत सांगते. वृत्राचा, ऋग्वेदातल्या त्या अहीचा, वध करणारा इंद्र तर मूल नव्हेच. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. परीक्षिताला शाप देणारा शमीकपुत्र शृंगी हा पोरगाच होता. बापाच्या गळ्यात साप टाकला हे कळल्यावर त्याने तक्षकाला जणू हत्यार म्हणून राजावर सोडले. हे खरे आहे आणि ते माझ्या सूत्रात बसत नाही. एवढेच नोंदवतो की महाभारत त्याची बाजू घेत नाही. ज्याचा अपमान झाला तो बापच त्याला रागावतो, आणि त्या पोराच्या रागाचा हिशेब शेवटी दुसऱ्या पोराला, आस्तीकाला, मिटवावा लागतो. प्रल्हादाच्या कथेत हेच उलट्या बाजूने येते. तिथे बाप मुलावर साप सोडतो. विष्णुपुराणाप्रमाणे सापांच्या दाढा मोडतात, पण प्रल्हाद ना त्यांचे वाईट चिंतितो ना बापाचे.

कुणी असेही म्हणेल की हे सगळे आपलेच कौतुक झाले, बाहेरच्या ड्रॅगनच्या गोष्टींतही आता हेच आहे. असेल, आणि आनंद आहे. युरोपात सेंट जॉर्जचा भाला आणि सिगुर्डची तलवार शतकानुशतके ड्रॅगनच्या छातीत घुसत राहिली. पण १८९८ साली केनेथ ग्रॅहमने एका धनगराच्या पोराची ड्रॅगनशी गाठ घालून दिली, आणि त्या पोराने सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन यांच्यात समेट घडवला. १९४८ साली रूथ स्टाइल्स गॅनेटच्या पुस्तकात मुलगा ड्रॅगनच्या पिलाला सोडवायला जातो. २००३ पासून क्रेसिडा कॉवेलच्या गोष्टींतले वायकिंग पोर ड्रॅगनशी दोस्ती करते, आणि त्यावरचा सिनेमा हिंगोलीतल्या मुलांनीही मोबाइलवर पाहिलेला आहे. चीनमध्ये तर ड्रॅगन मुळातच पाऊस आणणारा, नद्यांचा धनी. मुलाला वधापेक्षा भेट हवी असते, हे जगाला आपापल्या वाटेने उमगते आहे. आपल्या मुलांना ते बाहेरून कळावे आणि धाकट्या सुनेची कहाणी मात्र पोथीत पडून राहावी, एवढेच मला सहन होत नाही.

सगळ्यात जड आक्षेप वेगळा आहे: अशा कहाण्यांनी मुले नागाला देव समजतात, त्याच्या जवळ जातात, आणि पान लागले की घरचे दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे, देवळाकडे धावतात. हा आक्षेप हसण्यावारी नेणाऱ्याने आकडे पाहावेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यात पाव हिश्श्याहून जास्त १५ वर्षांखालची मुले होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा स्पष्ट गुन्हा आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला राहून विंचूदंश आणि सर्पदंशावर आयुष्यभर काम केले. मराठवाड्याच्या मातीतल्या या माणसाची ओळख इथल्या प्रत्येक मुलाला असावी.

पण दोष कहाणीचा आहे का? कहाणीत पूजा कुठे होते ते पाहा: पाटावर, हळदीने किंवा चंदनाने काढलेल्या चित्राची. धाकटी सून खरा नाग पकडून आणत नाही, त्याच्या तोंडात दूध ओतत नाही. दूध हे सापाचे अन्नच नव्हे, त्याला ते पचत नाही. टोपलीतल्या नागाचे दात काढून, त्याला तहानलेला ठेवून दूध पाजण्याचा धंदा कहाणीने शिकवलेला नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर नाग पकडणे हाच गुन्हा ठरवला आहे. पाटावरचा नाग म्हणजे हद्दीची खूण आहे. तुला मान आहे, आणि तो दुरूनच आहे. डोहाचे पाणी माणसांचे आणि समुद्र कालियाचा, तसेच उंबरा आपला आणि वारूळ त्याचे. हे ज्या मुलाला समजले ते नागाच्या अंगावर हात टाकणार नाही आणि त्याला ठेचायलाही धावणार नाही. श्रद्धा आणि विज्ञान मुलाच्या डोक्यात एकत्र मावत नाहीत, असे समजणारे मुलांना कमी लेखतात. औंढ्याजवळच चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी करायला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. नागनाथाच्या गाभाऱ्यात वाकून उतरणारे मूल उद्या त्या वेधशाळेतही जाऊ शकेल, आणि त्यासाठी त्याला कहाणी विसरावी लागणार नाही.

म्हणून या पुस्तकात गोष्टी सौम्य केलेल्या नाहीत. हल्ली मुलांसाठी लिहिताना नागाला गोंडस करायची, पिल्लांचा सूड गाळायची, प्रमद्वरेचा मृत्यू टाळायची रीत पडली आहे. तिच्यामागे माया आहे हे मान्य, पण त्या मायेने मुलाचे नुकसान होते. भय काढून टाकले की हद्दीलाही अर्थ उरत नाही, आणि मग गोष्टीतला नाग आणि गोठ्यातला नाग यांचा संबंधच तुटतो. आखाड्यावर राहणाऱ्या मुलाला गोंडस नागाची गोष्ट सांगणे ही त्याची फसवणूक आहे. त्याउलट नुसत्या विषाच्या आणि मृत्यूच्या गोष्टी सांगितल्या तर त्याच्या हातात रुरूचे दांडके येते.

वाचकांना, विशेषतः आजी-आजोबांना आणि प्राथमिक शाळेतल्या गुरुजी-बाईंना, दोन विनंत्या आहेत. आपल्या गावात ही कहाणी निराळी सांगत असतील तर ती तशीच लिहून ठेवा, छापलेल्या पाठाशी जुळवायला जाऊ नका. आणि श्रावणात मुलांना ती सांगून झाली की त्याच बैठकीत पुढचेही सांगा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचे नाही. जमिनीवर झोपायचेच झाले तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचायची. मण्यार झोपेत डसते, तिचा दंश दुखतही नाही, म्हणून पहाटे पोटात दुखू लागले आणि पापण्या जड झाल्या तर ते दुर्लक्षायचे नाही. पान लागले तर कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून दोरी बांधायची नाही. मुलाला चालू द्यायचे नाही, हातपाय हलू द्यायचे नाहीत, १०८ ला फोन लावायचा आणि सर्पदंशावरचे प्रतिविष असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात वेळ न घालवता न्यायचे.